प्रीस्टचा माना मधेच का संपतो

गेममध्ये टँक म्हणजे पुढं राहून मार खाणारा, डीपीएस म्हणजे मारा करणारा, रँक म्हणजे एकाच मंत्राची लहानमोठी पायरी. आता थेट मुद्द्यावर. 2019 साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये नवा प्रीस्ट, म्हणजे साथीदारांना बरं करणारा, हील (बरं करायचा मंत्र) चुकीची निवडून तितका फसत नाही, जितका ती चुकीच्या सेकंदाला मारून फसतो.

माना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, खर्च झाला की पुढची 5 सेकंदं स्पिरिट या गुणामुळं आपोआप भरणारा माना येणं बंद. मेडिटेशन या कौशल्याचे 3 पॉइंट घेतले असतील तर 15 टक्के येत राहतो, बस्स. त्यानंतर मात्र दर 2 सेकंदांनी 13 अधिक स्पिरिटचा चौथा हिस्सा येतो. स्पिरिट 200 असेल तर टिकला, म्हणजे अशा दर भरणीला, 63. दहा सेकंदं असा मोकळा राहिलास तर 315 जमतो. फ्लॅश हील या झटपट हीलच्या रँक 7 ला 380 लागतो, यावरून हिशोब कर.

गोम पुढंच आहे भावा. पाच सेकंदांचं घड्याळ बटण दाबल्यावर नाही, माना कापला की सुरू होतं, आणि माना कापतो कास्ट (मंत्र टाकणं) पूर्ण झाल्यावर. म्हणजे ग्रेटर हील या मोठ्या, सावकाश हीलचा बार भरताना टिक पडतच असतात. उलट दर चार सेकंदांनी एक छोटा रिन्यू (हळूहळू बरं करणारी हील) टाकणारा स्वतःला काटकसरी समजतो आणि आख्ख्या फाईटमध्ये एकदाही पाच सेकंदांच्या बाहेर पडत नाही. हील स्वस्त असो की 655 मानाची, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. चार सेकंदं थांबून पाचव्याला हात शिवशिवला, तर ती चारही गेली! म्हणून लागतील त्या हील एकापाठोपाठ उरक आणि मग हात आवर. वाँड (जादूची छडी) चालव, तिला माना लागत नाही.

वॉरियर टँकवर शील्ड (मार झेलणारं कवच) उठसूट नको. मार शील्डनं खाल्ला की त्याला रेज, म्हणजे त्याच्या हल्ल्यांना लागणारी शक्ती, मिळत नाही.

टँकचा जीव भरलेला असला तरी ग्रेटर हील सुरू करून ठेव. शेवटच्या क्षणी मार बसला तर पूर्ण होऊ दे, नाहीतर तोड. तोडलेल्या कास्टचा माना जात नाही. त्यासाठी स्टॉपकास्टिंगचा मॅक्रो (कास्ट तोडायचा तयार आदेश) जवळच्या बटणावर हवा.

रँक दुसऱ्यानं ठरवून द्यावी हे मला पटत नाही. तालमीत वस्ताद शिकवेल, पण दम पैलवानालाच राखावा लागतो. ‘फ्लॅश हील दाबत राहा’ सांगणाऱ्या गिल्डमधल्या (खेळाडूंच्या संघातल्या) वस्तादापासून तर लांबच राहा. त्याच्या अंगावरचा गिअर (चिलखत-हत्यारं) तुझ्याकडं नाही.

सुरुवातीला टँक मरणार, शिव्याही बसणार. त्यात लई काही नाही. पाच जणांच्या डंजनमध्येच घटवून घे, चाळीसच्या रेडमध्ये नको.

कोल्हापुरातून खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) बघ, कारण सर्व्हर लांब आहे. 200 असेल तर बार भरायच्या किमान 0.2 सेकंद आधी कास्ट तोडावी लागते, मी 0.4 धरतो. आणि राऊटर इन्व्हर्टरवर घे.