सदाफुलीला पाणी घालण्याआधी मातीत बोट घाला

पाणी जपून वापरावं लागतं अशा बागेत मी सगळ्यात आधी सदाफुली लावायला सांगेन. एकदा मूळ धरलं की ती वर्षानुवर्षं फुलते, फक्त दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन हवं. ही झाडं तहानेपेक्षा लाडानेच जास्त मरतात. दुपारी पानं जराशी मिटलेली दिसली की आपला जीव कळवळतो आणि हात पाण्याकडे जातो. थांबा! संध्याकाळी पानं पुन्हा ताठ झाली, तर तिला काही झालेलं नाही. सकाळीसुद्धा मलूलच असतील, तर बोट दोन पेरं मातीत घाला. आत कोरडं लागलं तरच बुडाशी भरपूर पाणी द्या, पानांवर नको. माती ओली असूनही पानं पिवळी पडत असतील तर मुळं कुजत आहेत, पाणी लगेच बंद करा.

रोप नवं असताना मात्र पहिले तीन-चार आठवडे ओल टिकवावीच लागते. भारी मातीत निम्मी वाळू मिसळा. खत बेताचंच, नाहीतर नुसता पाला माजतो. फांद्या लांबून बुडाशी उघड्या पडल्या की एक तृतीयांश छाटा.

बारीक शेंगा पिवळसर झाल्या की फुटण्याआधी काढून घ्या. आतलं काळं बी मातीखाली झाकून पेरा, त्याला रुजायला अंधार लागतो.

झाड विषारी आहे, लहान मुलं आणि जनावरं पानं चघळणार नाहीत एवढं पाहा.