र्‍योकानला जाताय? निदान या चुका टाळा

तोक्योत राहायला आल्यापासून भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला एकच सांगतो, "एक रात्र ऑन्सेनवाल्या र्‍योकानमध्ये काढायचीच." काढा की. र्‍योकान म्हणजे पारंपरिक जपानी मुक्कामगृह, ऑन्सेन म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नान. पण दरवेळी त्याच त्या चुका बघून मी थकलोय.

सगळ्यात महागात पडते ती जेवणाची चूक. बुकिंगमध्ये 'नो मीट' लिहिलं म्हणजे शाकाहाराची सोय झाली, असं समजू नका. जपानीत 'निकु' म्हणजे मटण, चिकन, बीफ. मासा त्यात धरत नाहीत. आणि मासा नको म्हटलं तरी दाशी उरतेच. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, उकडलेल्या भाजीत असतं, बुडवून खायच्या सॉसमध्येही असतं.

माझी नाशिकची मावशी माळकरी. किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावातलं बुकिंग तिच्या मुलाने केलं, मला न विचारता. "टाकलंय रे मी नो मीट!" साडेसहाला वाढणाऱ्या बाई गुडघ्यांवर बसून एकेक वाटी मांडू लागल्या. गरम तोफूवर गुलाबीसर, कागदासारखे पातळ कपटे वाफेने थरथरत होते. मावशी म्हणाली, "फुलं आहेत का रे?" मी खरं ते सांगितलं. वाढणाऱ्या बाईंचा चेहरा मावशीपेक्षा जास्त उतरला. त्या आत धावल्या आणि भात, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) नि वाकून वाकून माफी घेऊन परत आल्या. मावशीने पर्समधून मेतकुटाची पुडी काढली. मेतकूट-भात आणि ते आंबट-खारट उमेबोशी तिला इतकं आवडलं की तिने भात पुन्हा मागून घेतला. पंचवीस हजार येन माणशी मोजलेला भाऊ मात्र गप्प होता.

मी आठवडाभर आधी स्वतः फोन करतो. कात्सुओची दाशी चालणार नाही, कोम्बूची (समुद्री शेवाळाची) चालेल, असं सरळ सांगतो. 'जमणार नाही' म्हणाले तर तिथे जातच नाही. कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्रातल्या मंदिरांतल्या मुक्कामात जेवण मुळातच शाकाहारी असतं, तिकडे जावं. ऐनवेळी स्वयंपाकघर हलवू बघणाऱ्यांचा मला राग येतो. तिथला मेनू आधीच ठरलेला असतो. रात्री आठला पोचून गरम जेवण मागणारेही त्याच माळेचे मणी.

दुसरी चूक अंघोळीची. वज्रेश्वरीच्या कुंडात आपण कपड्यांनिशी उतरतो, इथे नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ, साबणाचा थेंबही राहू द्यायचा नाही, मग पाण्यात. अंगावर काहीही नको. छोटा टॉवेल डोक्यावर ठेवा, पाण्यात बुडवू नका. "फक्त दोन मिनिटं उतरतो, अंघोळ कशाला?" असं म्हणणाऱ्या मित्राला मी एकदा बाहेर काढलाय. लाज वाटत असेल तर तासाभरासाठी खासगी कुंड राखून मिळतं का, ते विचारा. खरं तर कोणी कोणाकडे बघत नाही.

दारावरच्या पडद्यावरची 男 (पुरुष) आणि 女 (बायका) ही अक्षरं रोज नव्याने वाचा. बऱ्याच ठिकाणी सकाळी बाजू बदलतात.

गोंदण किंवा टॅटू असेल तर आधी विचारा, पुष्कळ ठिकाणी मनाई असते. किनोसाकीच्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत चालतं, म्हणून मावशीचं तिथे काही अडलं नाही.

यूकाता (तिथे मिळणारा सुती झगा) घालताना डावी बाजू उजवीच्या वर. उलटी मृताला घालतात.

तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटयांवर) स्लिपर नाही, बॅगेची चाकंही नाहीत. संडासातल्या स्लिपर संडासातच ठेवा. त्या घालून जेवायला आलेले लोक मी पाहिलेत.

बिअर पिऊन पाण्यात जाऊ नका. पाणी एक्केचाळीस-बेचाळीस अंश असतं.

आणि चांदी काढून ठेवा. कुसात्सू या दुसऱ्या गरम झऱ्यांच्या गावाचं पाणी गंधकाचं, वर आम्लधर्मी. सांगूनही मावशी जोडवी घालूनच उतरली, आणि पुढचे दोन दिवस माझ्या बेसिनपाशी टूथपेस्टने ती काळी जोडवी घासत बसली होती.