होम थिएटरचे जादा साहित्य घेऊन ठेवताना : निवड, तपासणी आणि साठवण

घरातल्या होम थिएटरचा एखादा भाग बिघडतो, तेव्हा पुष्कळदा तो बाजारातून केव्हाच गेलेला असतो. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा टीव्हीचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, तर ब्लू-रे (चित्रपटांच्या उच्च दर्जाच्या डिस्क) प्लेअरसाठी नावाजलेल्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये हा व्यवसाय आवरता घेतला. त्यामुळे काही वस्तू आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते; मात्र सरसकट सगळे दुप्पट घेणे म्हणजे पैसे माळ्यावर टाकण्यासारखे आहे.

१. आधी यादी करावी
झिजणारे आणि पुढे मिळणार नाही असे साहित्यच या यादीत असावे. प्रोजेक्टरचा लॅम्प, मूळ रिमोट, रिसीव्हरसोबत (टीव्ही, प्लेअर आणि स्पीकर एकत्र जोडणारे यंत्र) येणारा ध्वनी-जुळणीचा मायक्रोफोन आणि डिस्कचा संग्रह असल्यास एक जादा प्लेअर, एवढे बहुतेकांना पुरते. मायक्रोफोनकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पण तो हरवला, तर स्पीकरची स्वयंचलित जुळणी करता येत नाही आणि दुसऱ्या कंपनीचा मायक्रोफोन चालेलच याची खात्री नसते.

दिवाळीच्या सवलतीत दुसरा रिसीव्हर घेण्याचा मोह मात्र टाळावा. एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी) २.१ हे मानक २०१७ मध्ये जाहीर झाले आणि त्याआधीचे रिसीव्हर नव्या गेमिंग यंत्रांच्या ४के, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चौकटींच्या) चित्रासाठी अपुरे ठरले. टीव्हीचेही तसेच आहे. आज घेतलेला चार वर्षांनी उघडला, तर तो न वापरताच जुना झालेला असतो.

२. नेमका भाग आणि संख्या ठरवावी
लॅम्प घेताना प्रोजेक्टरचे मॉडेल आणि लॅम्पवरील क्रमांक, दोन्ही जुळवून पाहावेत. मेन्यूमध्ये लॅम्प किती तास वापरला गेला हे दिसते. रोज दोन तास चित्रपट पाहणाऱ्याचे वर्षाला साधारण सातशे तास होतात. म्हणजे तीन हजार तासांचा लॅम्प चार वर्षे चालतो आणि एक जादा लॅम्प पुरेसा होतो. लेझर प्रोजेक्टरला बदलायचा लॅम्पच नसतो.

जादा वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) घ्यायचा असेल, तर त्याच्या पडद्याभोवतीची कड फोमची आहे की रबराची हे विचारावे. फोमची कड दमट हवेत खोक्यात पडूनही झिजते आणि हाताने दाबताच तुकडे होऊन गळते. रबराची कड बरीच अधिक टिकते.

३. परदेशातून मागवताना
अमेरिकेतील नातेवाईक येताना प्लेअर किंवा अ‍ॅम्प्लिफायर आणणार असतील, तर मागील पट्टीवरचा व्होल्टेज आधी वाचायला सांगावा. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० व्होल्टचा. केवळ १२० व्होल्टचे यंत्र थेट जोडल्यास जळू शकते. शिवाय ब्लू-रे डिस्क आणि प्लेअर जगाच्या ठरावीक विभागांसाठी बनवलेले असतात; अमेरिका विभाग ए मध्ये, तर भारत विभाग सी मध्ये येतो, त्यामुळे इथल्या काही डिस्क त्या प्लेअरवर चालणार नाहीत.

४. घरी येताच चालवून पाहावे
ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वॉरंटी सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते, खोके उघडल्यापासून नव्हे. म्हणून नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या दुकानातून घेतलेले असो की ऑनलाइन मागवलेले, वस्तू परत करण्याच्या मुदतीतच जोडून काही तास चालवावे. लॅम्प प्रोजेक्टरमध्ये बसवून पाहावा, त्याच्या काचेला बोटे लावू नयेत आणि पूर्ण थंड झाल्यावरच काढावा. बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची अक्षरे काही वर्षांत पुसट होतात.

५. जागा निवडावी
नाशिकमध्ये उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि वरच्या मजल्यावरील स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो. मग पावसाळ्याचे चार महिने भिंती ओलसर राहतात. म्हणून माळ्याऐवजी आतल्या खोलीतील कपाट निवडावे आणि बाहेरच्या भिंतीला टेकून खोके ठेवू नये. गोदाकाठच्या जुन्या भागात तळमजल्यावर काहीही साठवू नये. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजारापर्यंत पाणी आले होते.

यंत्र मूळ थर्माकोलमध्येच ठेवावे. सोबत ओलावा शोषणाऱ्या आणि तो भरला की रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. रिमोटमधील सेल काढून टाकावेत, कारण गळालेला सेल आतले धातूचे टोक खाऊन टाकतो.

६. अधूनमधून वीज द्यावी
वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या यंत्रांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) कमकुवत होतात. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, असे प्लेअर व अ‍ॅम्प्लिफायर तासभर चालू करावेत. प्लेअरमध्ये एखादी डिस्कही लावावी, म्हणजे ट्रे आणि मोटर हलते राहतात. त्याच वेळी सिलिका जेल बदलावे.

मूळ यंत्रच विकायचे ठरले, तर त्याचे सुटे भाग त्याच्यासोबतच विकून टाकावेत. न वापरलेला लॅम्प जोडीला असलेल्या प्रोजेक्टरला ग्राहक लवकर मिळतो, तर एकट्या लॅम्पला तोच प्रोजेक्टर वापरणारा शोधावा लागतो.