दुबईत भाड्याने घर घेताय? आधी सोडायचं कसं ते विचारा

दुबईत नवीन आलेला माणूस घर बघायला जातो तेव्हा काय बघतो, तर मेट्रो किती लांब, चिलर फ्री (म्हणजे एसीच्या गारव्याचं वेगळं बिल नाही असं) आहे का, किराणा खाली मिळतो का. आम्हीपण तेच केलं. मधेच सोडावं लागलं तर काय, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही आणि पाचव्या महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. घरमालक शांतपणे म्हणाला, खुशाल जा, चेक मात्र मी तारखेला बँकेत टाकणार.

इथली गोम ही आहे बघा. आपल्याकडे कसं, महिन्याचं भाडं द्यायचं, फार तर डिपॉझिटवर पाणी सोडायचं आणि निघायचं. इथे वर्षभराचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने आधीच मालकाच्या हातात असतं. समजा भाडं 72 हजार दिरहम, चार चेक, म्हणजे 18-18 हजारांचे चार कागद त्याच्या ड्रॉवरमधे पडलेत, आणि तुम्ही पुण्याला पोचलात तरी ते तिथेच असतात.

बरं, कायदा काय म्हणतो, तर 2007 चा 26 नंबरचा भाडे कायदा आहे, त्यात मुदतीच्या आत कुणा एकाला करार मोडता येत नाही, दोघांची संमती लागते. लोक 90 दिवसांच्या नोटिसचं सांगतात ना, ती रिन्यूअलला भाडं किंवा अटी बदलायच्या असतील तर, मधेच सोडण्याशी तिचा काही संबंध नाही. म्हणजे तुमचा सगळा जीव कॉन्ट्रॅक्टच्या मागे जोडलेल्या जादा अटींच्या पानात. सही करायच्या आधी त्यात लिहून घ्या, दोन महिन्यांची नोटीस आणि दोन महिन्यांचं भाडं दंड, बाकीचे चेक परत. दोन महिने हा इथला नेहमीचा दर आहे, त्यामुळे लाजू नका. एजंट म्हणेल "मालक चांगला आहे हो, होईल ॲडजस्ट". मालक चांगला असेल तर लिहून द्यायला त्याचं काय जातं? आमचाही चांगलाच होता.

आता "रात्रीचं विमान पकडायचं आणि सुटायचं" वाल्यांसाठी. 2009 च्या मंदीत एअरपोर्टच्या पार्किंगमधे धूळ खात सोडलेल्या गाड्यांचे किस्से जुने लोक अजून सांगतात, पण आता तसं करू नका. जानेवारी 2022 पासून नुसता पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर पूर्वीसारखी पोलीस केस होत नाही हे खरं, पण तोच चेक घेऊन मालक थेट वसुलीला जाऊ शकतो, ट्रॅव्हल बॅनही लागू शकतो, आणि चेक वटू नये म्हणून मुद्दाम खातं बंद केलंत तर तो आजही गुन्हाच आहे. शिवाय जानेवारी 2020 पासून इथल्या दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकुमाची अंमलबजावणी भारतातल्या जिल्हा कोर्टातून करून घेता येते, त्यामुळे कोथरूडला जाऊन बसलं की संपलं असं काही नाही.

निघायचंच असेल तर मालकाला लवकर सांगा, ईमेलवर. फोनवरचं बोलणं हवेत जातं. स्वतःच नवीन भाडेकरू शोधून नेलात तर पुष्कळ मालक दंड कमी करतात, करायलाच हवा असं नाही, पण करतात. आमचा शेवटी एका महिन्यावर आला, कारण नवऱ्याच्या ओळखीतलंच एक कुटुंब घर शोधत होतं.

चावी द्यायच्या दिवशी आधी चेक हातात घ्या. मी किचनच्या ओट्यावर मांडून एकेक चेक नंबर कॉन्ट्रॅक्टशी जुळवला, मालकाचा माणूस घड्याळ बघत उभा, बघू दे. एक चेक खरंच कमी निघाला, "ऑफिसमधे राहिला" म्हणे. तो येईपर्यंत चावी माझ्या पर्समधे.

त्यानंतर इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद, रद्द झाल्याचा कागद मागून घ्या, नाहीतर रेकॉर्डला भाडेकरू तुम्हीच राहता. वीज-पाणी बंद करताना डेवाचं (इथली वीज-पाणी पुरवणारी संस्था) डिपॉझिट विसरू नका, फ्लॅटला 2000 दिरहम असतं, शेवटचं बिल वजा करून परत मिळतं. आणि ते जमा होईपर्यंत इथलं बँक खातं चालू ठेवा.