नगरपरिषदेत पहिल्यांदाच जाताय? आधी ‘निरंक’ शोधा

निवडून आल्यावर पहिल्या सभेची विषयपत्रिका घेऊन शिपाई घरी आला, ती माझ्या यजमानांच्या हातात दिली आणि पोच म्हणून त्यांचीच सही घेऊन गेला. मी स्वयंपाकघरातच होते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले आणि सभेचे काम पाहणाऱ्या लिपिकांना सांगितले की माझ्या नावाची नोटीस माझ्याच सहीने द्यायची. ते निवृत्तीला आलेले गृहस्थ. म्हणाले, “ताई, सही तुमचीच घेऊ. पण सही करणाराने आधी वाचायचं असतं. बसा.” त्या दिवशी त्यांनी दोन तास बसवून घेतले. पुढच्या पाच वर्षांत मी जे काही शिकले त्याची सुरुवात तिथे झाली. आमची नगरपरिषद लहान, ‘क’ वर्गातली. मोठ्या शहरांतली गणिते वेगळी असतील, पण आपल्याकडची बहुतेक गावे आमच्यासारखीच आहेत, म्हणून नव्याने निवडून आलेल्या बहिणी-भावांसाठी हे लिहिते आहे.

आपला कायदा १९६५चा, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. मराठीत मिळतो. सगळा वाचून होणार नाही, मलाही झाला नाही. पण सभा, अंदाजपत्रक आणि उपविधी (म्हणजे नगरपरिषदेने स्वतः केलेले नियम) ही तीन प्रकरणे पेन्सिल घेऊन वाचाच. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी मिळायला हवी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी, हे मला त्यातूनच कळले. तोवर आदल्या संध्याकाळी कागद आला तरी मी निमूट घेत होते.

विषयपत्रिकेवर एका ओळीचा विषय असतो. ‘शहरातील विविध विकासकामांना मंजुरी देणेबाबत.’ या ‘विविध’मध्ये गटारापासून कमानीपर्यंत काहीही मावते. म्हणून विषयाखालची टिपणी मागा. कामांची यादी, प्रत्येक कामाची अंदाजित रक्कम, ती कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून, जाणार आणि तांत्रिक मान्यता झाली का, एवढे तीत असायला हवे. टिपणी नसेल तर सभेच्या आधी लेखी मागा आणि पोच घ्या. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असा रकाना असतो. पैशाचा मोठा विषय तिथून आला तर हात वर करून सांगा की हा पुढच्या सभेत टिपणीसह ठेवा. सुरुवातीला लोक नाराज होतात. मग सवय होते, त्यांना आणि आपल्यालाही.

सभेतला पहिला विषय जवळजवळ नेहमी एकच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तो सगळे अर्ध्या मिनिटात उरकतात. मीही उरकला, आणि त्याची किंमत मोजली. दुसऱ्या सभेत मी एका कामाला उभे राहून विरोध केला होता, चांगली दहा मिनिटे बोलले होते. तिसऱ्या सभेत इतिवृत्त न वाचताच कायम झाले. वर्षभराने वॉर्डातल्या एकाने ठरावाची नक्कल काढून माझ्यासमोर धरली. त्यात लिहिले होते, ‘सर्वानुमते मंजूर’. त्यानंतर विरोध मी नेहमी लेखी दिला, दोन ओळींचा का होईना, आणि इतिवृत्तात तो शब्दशः घ्यावा असे त्यातच लिहिले. ‘सर्वानुमते’ आणि ‘बहुमताने’ यांतला फरक त्या दिवशी कुणाला वाटत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली ठरावाविरुद्ध दाद मागायची वेळ आली की मात्र तोच एक शब्द बघितला जातो.

आता अंदाजपत्रक. यावर मी जरा थांबणार आहे, कारण बाकी सगळे निर्णय शेवटी इथेच येऊन टेकतात. फेब्रुवारीत विशेष सभा लागते. हातात जाडजूड पुस्तक येते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक कोटींचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर. त्या आकड्याने हुरळून जाऊ नका. समजा अंदाजपत्रक ६० कोटींचे आहे. त्यातला बराचसा भाग आरंभीची शिल्लक आणि शासनाची अनुदाने. वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान, वस्ती सुधार योजना, हे पैसे ज्या कामासाठी आले त्याच कामाला लागतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर आपण घरपट्टीबरोबर वसूल करतो, पण ते शासनाचे. आपल्या तिजोरीतून ते फक्त जाताना दिसतात. मग आपले म्हणून काय उरते? मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी, असली किरकोळ वाटणारी जमा. त्यातूनच पाणीयोजनेचे वीजबिल, आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार, दिवाबत्ती आणि शासनाच्या योजनांतला नगरपरिषदेचा हिस्सा भागवायचा असतो. तुमच्या वॉर्डातला रस्ता का होत नाही याचे उत्तर बहुतेक वेळा या चार ओळींत असते.

पुस्तकात प्रत्येक बाबीपुढे रकाने असतात, मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद. सगळे तरतुदीचा रकाना बघतात. लिपिककाकांनी मला उलटे वाचायला शिकवले. “ताई, आधी प्रत्यक्ष खर्च बघा. तरतूद म्हणजे इच्छा. खर्च म्हणजे काम.” मी पट्टी लावून तो रकाना खाली खाली वाचत गेले. महिला व बालकल्याण, ५ टक्के तरतूद, प्रत्यक्ष खर्च जेमतेम. दिव्यांगांसाठीचे ५ टक्के आणि दुर्बल घटकांचे ५ टक्के, तिथेही तेच. आणि ‘बाजारतळ स्वच्छतागृह’ या ओळीपुढे एकच शब्द होता, निरंक. म्हणजे खर्च शून्य. जुनी पुस्तके काढून बघितली. दरवर्षी तरतूद, दरवर्षी निरंक.

आमच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका पहाटे येतात आणि दिवेलागणीला परततात. दिवसभर पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत हे विचारायला लागू नये. त्यांच्यातल्याच एकीने मला प्रचारात सांगितले होते, “मत देऊ, पण एवढं कर बाई.”

मी विषय मांडला, सगळ्यांनी पाठिंबा दिला, ठराव झाला, पेढे वाटायचेच बाकी होते. सात महिने काही हलले नाही. ठरावाची नक्कल काढली तर शेवटची ओळ अशी होती, ‘याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.’ कुणी करायची, कधीपर्यंत, कोणत्या जागेवर, कोणत्या पैशातून, काही नाही. विषय कुणी अडवला नव्हता, त्या ओळीतच तो संपला होता.

या सुमारास मी महाडचा इतिहास नव्याने वाचला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मांडून मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पाण्यापर्यंत कुणाला जाता येईना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर लोकांनी मार खाल्ला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरच्या हक्काच्या दाव्यात उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. आमच्या स्वच्छतागृहाची त्या लढ्याशी तुलना करण्याची माझी हिंमत नाही. पण नगरपालिकेचा ठराव केवढा मोठा असू शकतो आणि पाळला नाही तर केवढा पोकळ, हे मला तिथे कळले.

दुसऱ्यांदा ठराव मी स्वतः लिहून नेला. जागेचा सर्व्हे नंबर, रक्कम, लेखाशीर्ष, निविदा काढण्याची मुदत, आणि दर सभेत प्रगतीचा अहवाल ठेवावा असे वाक्य. सूचक मी, अनुमोदक विरोधी गटातले. लेखापालांनी दाखवून दिले की रक्कम कमी पडते, पुनर्विनियोजन करून दुसऱ्या बाबीतून घ्यावी लागेल. घेतली. तुम्हीही लेखापालांशी जमवून ठेवा. कामाला पैसा कुठून मिळेल हे त्यांना माहीत असते, फक्त कुणी विचारत नाही.

उपविधींबद्दल थोडक्यात. नगरपरिषद मसुदा करते, हरकती मागवते, त्यांवर विचार करते आणि शासनाची मान्यता मिळाल्यावर तो लागू होतो. अडते ते हरकतींपाशी. सूचना कार्यालयाच्या फलकावर लागते आणि एका वर्तमानपत्रात छापून येते. ज्यांच्यावर नियम बसणार ते दोन्ही वाचत नाहीत. बाजार बैठकीच्या फीचा मसुदा आला तेव्हा मी तो बाजारातच मोठ्याने वाचून दाखवला. कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन बसणाऱ्या आजींना आणि टेम्पोभर माल उतरवणाऱ्याला एकच दर लावला होता, हे त्यांनी ऐकता ऐकता सांगितले. आम्हा सगळ्यांच्या नजरेतून ते सुटले होते. अशा विषयात २०१४चा पथविक्रेता कायदा हाताशी ठेवा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असले पाहिजेत, असे तो सांगतो.

मग येतात सत्कार, मानपत्रे, चौकांची नावे. सभेत सर्वांत जास्त आवाज चढतात ते इथे. मी हा विषय हलका मानत नाही. गाव कुणाला मान देते यावरून गावाला काय मोलाचे वाटते ते कळते. डिसेंबर २०२०मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आमच्याकडे तो विषय आला तेव्हा त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सभागृहात बोलावून बसवावे असे मी सुचवले. नाव त्यांनीच ठरवले. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर आता जात पत्ता म्हणून लिहावी लागणार नाही, हे ऐकताना एक आजोबा टोपी काढून बसले होते.

खर्च आणि मान यांची गाठ कशी पाहायची हे जोतीराव फुल्यांकडून शिकावे. १८७६ पासून सहाएक वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचे ठरले, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिले. ते पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईची महागडी इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले.

मी सफाई कामगारांच्या नागरी सत्काराचा प्रस्ताव आणला तेव्हा मला वाटले होते की मोठे काम केले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कंत्राटातल्या एका बाई घरी आल्या. म्हणाल्या, “शाल द्या, नाही म्हणत नाही. पण आमचा पीएफ कापतात तो भरतात का, तेवढं बघा.” पीएफ भरल्याची चलने मागवली. काही महिन्यांची नव्हतीच. मुकादमापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत पत्रे गेली, थकबाकी भरली गेली, आणि तेव्हापासून चलन जोडल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल काढू नये, असा ठराव झाला. सत्कारही झाला, दोन महिने उशिरा.

शेवटच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बाजारतळ स्वच्छतागृहाच्या ओळीपुढे, प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात, आकडा होता. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला आहे. इमारत उभी राहिली, रंग लागला, फीत कापली. आणि पुढच्या बाजाराला गेले तर दाराला कुलूप. नळजोडणी कामाच्या यादीत नव्हती आणि झाडायला माणूस मंजूर नव्हता. मुदत संपायच्या आधीच्या सभेत मी शेवटचा ठराव दिला. त्यात नळजोडणी लिहिली, सफाईचा माणूस लिहिला, बाजाराच्या दिवशी पहाटे किती वाजता दार उघडायचे ते लिहिले, आणि किल्ली कुणाकडे राहील, तेही.