थंडीत गाडी सुरू होईना? आधी हेडलाइट लावून सेल मारा

डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेकाठी गारठा पडला की रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी नुसती कट-कट करते. लगेच नवी बॅटरी घेऊ नका, गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजात ओढूनही नेऊ नका. हेडलाइट लावून सेल मारा आणि दिव्यांकडे बघा.

दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडायचं टोक) खराब झालंय. दिवे लख्ख, पण इंजिन फिरतच नाही, तर बहुधा स्टार्टरचं (इंजिन फिरवणाऱ्या मोटरचं) काम. इंजिन जोमात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी सोडा, प्लग आणि इंधन तपासून घ्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर:

१. गाडी बंद करून आधी काळी (−) वायर काढा, मग लाल (+).
२. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा. हे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका.
३. कोरडं पुसा. आधी लाल, शेवटी काळी वायर घट्ट आवळा. वरून व्हॅसलिनचा हात.

माझ्या गाडीचं दुखणं एवढ्यावरच थांबलं, खर्च जवळपास शून्य.

तरीही अडलं तर मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली असतील तर चार्जिंगला द्या.

डिझेल गाडी असेल तर डॅशबोर्डवरचा स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझल्यावरच सेल मारा.

सेल एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर स्टार्टर जळतो.