फुलांचे फोटो निर्जीव का वाटतात? कोकणात फिरताना या चुका टाळा

पहिला पाऊस झाला की रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, दीपकाडी फुलते. काळा ओला कातळ आणि त्यावर ती पांढरीशुभ्र फुलं. फोटोत मात्र फुलाच्या जागी चुन्याचा ठिपका! काळोख जास्त दिसला की कॅमेरा सगळंच उजळवायला जातो, आणि पाकळ्यांची वळणं धुऊन निघतात. मोबाइलवर फुलाला बोट लावून धरा, मग उजेड खाली ओढा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) पाऊण-एक स्टॉप उतरवा; स्टॉप म्हणजे उजेडाचं माप. कातळ आणखी काळा होईल, होऊ दे. त्या फुलाचं एकटेपण त्या काळ्यामुळेच तर दिसतं.

दुसरी चूक उभ्याने फोटो काढण्याची. श्रावण-भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं फुलतात, जेमतेम नखाएवढी. वरून काढली तर नुसता जांभळा गालिचा, आसू एकही नाही. गोणपाट टाकून पालथं पडा. पण आधी पायाखाली बघा. एका फुलासाठी शंभर तुडवणारे मी पाहिलेत. (पूर्वी मीही त्यातलाच.) वारा फार असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर तो पडेपर्यंत थांबा.

सजावटीचा मोह मात्र सगळ्यात वाईट. एकदा पहाटे अंगणातला प्राजक्ताचा सडा मी छान मांडून घेतला, सगळ्या फुलांची तोंडं वर. शेजारच्या आजी झाडू घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "फुला अशी उताणी पडतत काय रे?" खरंच, बरीचशी पालथीच पडलेली होती, केशरी देठ वर. मी मांडलेल्या फोटोत पहाट नव्हती, नुसती रांगोळी होती. स्प्रेने पाणी मारून दव आणणंही त्यातलंच. कोकणात पाण्याला काय तोटा?

राहिली लेन्स. एसी गाडीतून थेट बाहेर काढली की तिच्यावर वाफ धरते. शर्टाने पुसू नका. बॅगेची चेन लावलेलीच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. किनाऱ्यावर केवडा नाहीतर उंडी टिपून आलात तर कॅमेऱ्याचं खारं अंग त्याच संध्याकाळी ओलसर फडक्याने पुसा. आणि पावसाळ्यात कॅमेरा बंद कपाटात नको, ओल शोषणारं सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माझ्या एका लेन्समध्ये बुरशीचं जाळं धरलंय, त्यामुळे तिच्यातून प्रत्येक फूल धुक्यातलं दिसतं. लोक त्याला काव्य म्हणतात, मी काही बोलत नाही.